प्लास्टरकाकांची लिली

"बाबा, सोडा ते. कंबर धरली तर तुम्हालाच कुणालातरी प्लास्टर घालावं लागेल."

गुडघाभर पाण्यात वाकून उभ्या असलेल्या प्लास्टरकाकांनी लेकीच्या बोलण्याकडे काणाडोळा केला आणि टोपलीचा कान पुन्हा ओढला. टोपली तळाशी घट्ट रुतून बसली होती. हिवाळा नुकताच सरत होता आणि पाणी अजून असं गार होतं, की काकांच्या पायांना आपण कुठे उभे आहोत तेही कळत नव्हतं. काठावर लेक एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात पाव कापायची जुनी सुरी घेऊन उभी होती. दोराचं एक टोक टोपलीला बांधून झालं होतं, पण ओढायची परवानगी काकांनी अजून दिली नव्हती. खरं सांगायचं तर टोपली वर आलीच नाही तर बरं, असं त्यांना मनातून वाटत होतं. सुरीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

प्लास्टरकाका हे नाव त्यांना हॉस्पिटलात मिळालं आणि तिथून ते गल्लीत आलं. हाडांच्या विभागात, प्लास्टर घालायच्या खोलीत, त्यांची आजवरची सगळी नोकरी झाली होती. डॉक्टर हाड जागेवर बसवून पुढच्या पेशंटकडे जात, मग ओल्या पट्ट्यांचं काम काकांचं. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला तर चेहऱ्यावरून त्यांना काही केल्या ओळख पटत नसे, पण तेच मनगट समोर आलं की सगळं आठवे. कुठल्या जिन्यावरून पडला होता तेसुद्धा सांगत.

तळं मात्र काकूंचं. तळं म्हणायचं ते आपलं कौतुकाने, कारण घरामागच्या अंगणातला तो एक खड्डा होता, आत काळं जाड प्लास्टिक अंथरलेलं आणि काठाला दगड लावलेले. त्यात काकूंनी वॉटरलिली लावली होती. कुणी तिला कमळ म्हटलं की काकू त्या माणसाला हाताला धरून काठाशी नेत. कमळाचं पान पाण्याच्या वर उठून उभं राहतं, हिचं पाण्यावर सपाट पसरतं. शिवाय ही थंडी सोसणारी जात, हिवाळ्यात वरचं सगळं जातं, गड्डा तळाशी झोपून राहतो आणि ऊन वाढलं की परत येतो. एवढं सगळं ऐकल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसे.

फुलं सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर उघडत आणि काका कामावरून येईपर्यंत मिटून जात. त्यामुळे रविवार सोडला तर उघडलेलं फूल काकांच्या वाट्याला येत नसे. रविवारीही ते स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच बघत. संध्याकाळी चहाचा कप हातात देताना काकू सांगत, "आज तीन होती." काका म्हणत, "हो का." या दोन वाक्यांवर त्यांचा संसार चालला होता असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

काकू गेल्याला आता दोन वर्षं होत आली होती.

त्या होत्या तेव्हा दर दोन-तीन वर्षांनी टोपली वर काढत, याच सुरीने गड्ड्याचे तुकडे करत, जून झालेला भाग फेकून देत, एक तुकडा स्वतःला ठेवत आणि उरलेले येईल त्याला वाटून टाकत. पोस्टातल्या बाईंना, शेजारच्या शिंपीणबाईंना, एकदा तर मीटर बघायला आलेल्या माणसाला. त्या दिवशी काका घरात जाऊन रेडिओ मोठा करून बसत. दिवसभर मोडक्या हाडांत वावरणाऱ्या माणसाला एका मुळीला सुरी लागलेली बघवत नाही, याचं काकूंना भारी हसू येई. काकांचं म्हणणं एवढंच, की आपलं काम जोडायचं आहे, तोडायचं नाही.

काकूंच्या मागे टोपलीला कुणाचा हात लागला नाही. लेकीने आपल्या घरी लावायला एक तुकडा मागितला, तेव्हा काकांनी शिताफीने विषय बदलला. मग गेल्या उन्हाळ्यात पानांची इतकी दाटी झाली, की ती एकमेकांना रेटत पाण्याच्या वर उभी राहिली. लिलीला उतारवयात कमळ व्हायची हौस आली होती. फूल मात्र सबंध उन्हाळ्यात एकही नाही. ते ऐकून लेक या वेळी काही न विचारता बसने आली, आणि येतानाच फडताळातून सुरी काढून अंगणात उतरली.

शेवटी तिनेच दोर ओढला. टोपली मोठा आवाज करत चिखलातून सुटली, काका मागच्या मागे पाण्यात बसले, आणि दोघंही खूप दिवसांनी हसले. गड्डा चांगला मनगटाएवढा जाड होता, आल्यासारखा वेडावाकडा वाढलेला, जागोजागी कोवळी टोकं फुटलेला. लेकीने वेळ न घालवता सुरी चालवली. प्रत्येक कापाला काकांचा खांदा नकळत उडत होता. तिने स्वतःसाठी एक लहानसा तुकडा घेतला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि बाकीचे कुणाकुणाला द्यायचे ते मोजायला लागली.

"वाटायचं काही नाही," काका म्हणाले. "ही तुझ्या आईची आहे. ती इथंच राहील."

"मी नेतेय तीपण आईचीच आहे, बाबा."

"ती ने तू. बाकीची इथं."

लेकीने वाद घातला नाही. बसची वेळ होत आली होती. निघता निघता तिने विचारलं, लावून देऊ का, तर काका म्हणाले की आयुष्यभर हेच केलंय. आई कशी लावायची ते बघितलंय ना, असं तिने विचारलं, तेव्हा ते बेधडक हो म्हणाले. बघितलं काहीच नव्हतं, रेडिओ ऐकला होता.

ती गेल्यावर काकांनी बाह्या सरसावल्या आणि लिली लावली. म्हणजे त्यांना येत होतं तसंच लावलं. सगळे तुकडे टोपलीच्या मधोमध, खोल, एकमेकांना नीट टेकवून ठेवले. चिकणमाती भिजवून ती थरावर थर चढवली, प्रत्येक थर तळहाताने दाबला, कुठे पोकळी राहणार नाही असं पाहिलं. जुळायला ठेवलेली गोष्ट हलता कामा नये, हे त्यांच्या हातांत मुरलेलं होतं. वरून अंगठ्याने कडा गुळगुळीत केल्या, त्यावर खडीचा जाड थर दिला आणि टोपली अलगद तळाशी सोडली. इतक्या मनापासून त्यांनी बऱ्याच दिवसांत काही केलं नव्हतं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

ऊन वाढायला लागलं. लेक दर रविवारी फोन करायची. तिच्याकडे पहिलं पान आलं, लालसर, अजून गुंडाळलेलं. तुमच्याकडे? काका म्हणाले, येतंय येतंय. पुढच्या रविवारी तिच्याकडे दोन झाली, तेव्हा काकांनीही एक आल्याचं सांगून टाकलं. एकदा थाप मारली की तिचं पोषण करावं लागतं. तिची चार झाली की काकांची तीन होत. लेकीच्या मागे राहायचं, पण बापाला शोभेल इतकंच, असा त्यांनी हिशोब ठेवला होता.

तळ्यात काळं पाणी होतं आणि त्यावर आभाळ दिसत होतं. दुसरं काही नाही. काका सकाळी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर काठाशी उभे राहत. झोपलीय, असं ते स्वतःला सांगत, काकूच म्हणायच्या की तळाशी झोपते. पण उन्हाळा अर्धा संपत आला, आणि एवढी झोप कुणी काढत नाही हे त्यांनाही कळत होतं. त्यातच लेकीने सांगितलं की तिला सुट्टी मिळाली की ती येणार आहे, आईची लिली बघायला. काकूंची एवढी एकच गोष्ट काकांच्या हातात उरली होती, आणि ती उरली आहे की नाही तेही सांगता येत नव्हतं.

त्या आठवड्यात एका बेकरीवाल्या बाईंचं मनगट आलं. ओल्या फरशीवर घसरून पडल्या होत्या, आणि दुखण्यापेक्षा उद्याचं पीठ कोण मळणार याची त्यांना जास्त काळजी होती. काकांनी कापूस गुंडाळला, पट्टी पाण्यात बुडवून पिळली आणि वेढे द्यायला सुरुवात केली. वेढे देताना ते नेहमीचं बोलत होते. हे बोलणं त्यांना आता ऐकूही येत नसे.

"बोटं बाहेर ठेवलीत बघा. ती झाकायची नाहीत कधी. दिवसातून दहादा हलवायची. नख दाबायचं, सोडलं की गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं तर रात्र असो, पहाट असो, इकडे यायचं. आत काय चाललंय ते बोटंच सांग–"

काका थांबले. त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

बाई घाबरून त्यांच्याकडे बघायला लागल्या. शेजारी उभ्या सिस्टर म्हणाल्या, "काका, पट्टी सुकतेय."

"हो," काका म्हणाले, आणि त्यांनी उरलेले वेढे पूर्ण केले. हात नेहमीसारखेच चालले. बाईंचं नख दाबून सोडलं, ते गुलाबी झालं, आणि काका तिथल्या स्टुलावर बसले. काय झालं म्हणून सिस्टरांनी विचारलं. मी बोटं झाकली, एवढंच ते म्हणाले. सिस्टरांनी पुन्हा बाईंच्या हाताकडे पाहिलं, तर पाचही बोटं बाहेर होती.

संध्याकाळी घरी आल्यावर काका कपडेही न बदलता पाण्यात उतरले. टोपली या वेळी सहज वर आली. खडी बाजूला केली, माती बोटांनी उकरली. माती अजून त्यांनी दाबली होती तशीच घट्ट होती. आधी वास आला. तो वास त्यांना नवा नव्हता. प्लास्टर फार आवळून बसलं आणि आतली कातडी खराब झाली की असा वास येतो, आणि तो आला की कुणाला विचारत न बसता करवत हातात घ्यायची असते. गड्ड्याचा काळा लगदा झाला होता. तुकडा उचलावा तर बोटांतून ओघळत होता. त्यांनी सगळी टोपली उपसून पाहिली, एकही टोक शाबूत नव्हतं.

काका काठावर बसून रडले. काकू गेल्या तेव्हा घरात माणसं इतकी होती, की रडायचं जमलं नव्हतं.

रविवारी फोनची वाट न बघता त्यांनी बस धरली. वाटेत त्यांनी चार प्रकारे बोलणं जुळवून पाहिलं. लेक तिसऱ्या मजल्यावर राहायची, वर गच्ची होती. दार उघडून तिने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग काही न विचारता त्यांना गच्चीवर नेलं आणि चहा आणायला खाली गेली.

गच्चीच्या कोपऱ्यात कपडे भिजवायचा एक मोठा टब होता, त्याचा एक कान तुटलेला. पाण्यावर पानं सपाट पसरली होती आणि मधे एक फूल उघडलेलं होतं, फिकट गुलाबी, आत पिवळं. काका वाकले. पाणी स्वच्छ होतं आणि तळ दिसत होता. तुकडा आतल्या कुंडीच्या कडेला तिरका टेकवून दिलेला, अर्धा मातीत, अर्धा बाहेर, हलू नये म्हणून वर एक दगड. टोक उघडं. हॉस्पिटलात कुणी असं काम केलं असतं तर काकांनी त्याला खोलीबाहेर काढलं असतं.

लेक चहा घेऊन आली. जुळवलेल्या चार प्रकारांपैकी एकही काकांना आठवला नाही.

"चिमे, माझ्याकडची गेली."

"कधी?"

"लावली त्याच दिवशी, बहुतेक. पार वरपर्यंत माती घातली मी. टोकंसुद्धा झाकली."

लेकीने विचारलं, "आणि ती तीन पानं?"

"ती फोनवरच आली होती."

तिने चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. काकांना वाटलं की ती रडतेय, आणि त्यांना कुठे बघावं ते सुचेना. पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. हसता हसता डोळे पुसून ती म्हणाली, "आईचीपण गेली होती, बाबा. दोनदा."

काकांना हे पटेना. मग लेकीने सगळं सांगितलं. पहिल्या वेळी ती शाळेत होती. आईने टोपली फार खोल पाण्यात सोडली आणि लिली सडली. दुसऱ्या वेळी कसली कीड लागली. एकदा शिंपीणबाईंनी आईचाच दिलेला तुकडा परत दिला, एकदा पोस्टातल्या बाईंनी. आता त्या दोघीही गाव सोडून गेल्या होत्या. आई म्हणायची, मी काय दानशूर नाही, माझी गेली तर मागायला चार दारं असावीत म्हणून वाटते.

"पण ती रोज सांगायची," काका म्हणाले. "आज तीन होती, आज दोन होती. एक उन्हाळा चुकला नाही."

"फोनवरच्या पानांसारखी होती ती."

"आणि रविवारी? रविवारी मी घरी असायचो."

"तुम्ही खिडकीतून बघायचात. शिंपीणबाईंकडून पानं मागून आणून सोडली होती तिनं पाण्यावर. मी स्वतः आणलीत, बादलीतून. ऊन नाही म्हणून आज फुलं उघडली नाहीत, असं सांगायची. तुम्ही म्हणायचात, हो का." लेक पुन्हा हसली, पण आता आवाज ओला होता. "तुमचा चेहरा पडलेला तिला चालायचा नाही."

काका फुलाकडे बघत बसले. बायकोने आपल्याला दोन उन्हाळे फसवलं आणि आपण हो का म्हणत चहा पीत राहिलो, याचा त्यांना राग यायला हवा होता. त्याऐवजी ती अंगणात वाकून उसनी पानं पाण्यावर नीट मांडतेय, एखादं उलटं पडलेलं सरळ करतेय, असं त्यांना दिसलं, आणि ती जितकी आत्ता आठवली तितकी दोन वर्षांत आठवली नव्हती. मला आता तिला हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले. लेकीने मान हलवली.

चहा झाल्यावर तिने खालून सुरी आणली. गड्ड्याच्या बाजूला अंगठ्याएवढे दोन फुटवे आले होते. तिने सुरीची मूठ काकांपुढे धरली.

"तुम्ही कापा."

"तू काप. माझा हात थरथरेल."

"तुमचा हात?" लेक म्हणाली.

काकांनी सुरी घेतली. हात थरथरला नाही. कापताना आवाजही झाला नाही. दोन्ही फुटवे त्यांनी ओल्या कागदात गुंडाळले, टोकं कागदाबाहेर ठेवून, आणि बसमध्ये घरापर्यंत ते मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या प्रवाशाने काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा त्याला कमळ आणि लिलीतला फरक ऐकून घ्यावा लागला.

एक फुटवा त्यांनी त्याच संध्याकाळी लावला. कुंडीच्या कडेला, तिरका, टोक मातीबाहेर. कुंडी तळाशी न सोडता विटांवर ठेवली, आणि पानं वाढतील तशी एकेक वीट काढायची हे लेकीकडून फोनवर दोनदा विचारून घेतलं. दुसरा फुटवा त्यांनी सोमवारी हॉस्पिटलात नेऊन सिस्टरांच्या हातात दिला. सिस्टरांच्या घरी जागा म्हणजे एक बाल्कनी. काका म्हणाले, टब पुरे. माती चिकण, ऊन भरपूर, आणि टोक बाहेर.

"बोटांसारखं?" सिस्टरांनी विचारलं.

"बोटांसारखं. आणि जपा. माझ्याकडची गेली तर मी मागायला येणार आहे."

हिवाळ्यात सगळं नाहीसं झालं. या वेळी काका वाट बघत होते, पण धास्तावलेले नव्हते. ऊन वाढलं तसं पहिलं पान आलं, मग दुसरं. रविवारी लेकीने विचारलं की ते खरे आकडे सांगत. तिची सात, त्यांची दोन. उन्हाळ्याच्या मध्यावर एका पानाखाली कळी दिसली, आणि रोज थोडी थोडी वर येत ती एका मंगळवारी सकाळी पाण्याला टेकली. हिरव्या पाकळ्यांच्या फटीतून गुलाबी रेघ दिसत होती. काका डबा घेऊन निघाले, हॉस्पिटलात पोचले, एक घोटा आणि एक कोपर केलं, आणि साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांना अर्धा दिवस रजा हवी होती. बरं नाही का, असं साहेबांनी विचारलं. काका म्हणाले, बरं आहे.

ते घरी आले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. फूल उघडलेलं होतं. काकांनी आतून काकूंचं बुटकं स्टूल आणलं, काठाशी ठेवलं, त्यावर बसले आणि लेकीला फोन लावला. भर दुपारी फोन आल्यामुळे ती दचकली.

"आज एक आहे," काका म्हणाले.

"खरंच, का फोनवरचं?"

"खरंच. समोर बसलोय."

मग लेक म्हणाली, "हो का." अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाली, आणि काकांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. तिनेही फोन ठेवायची घाई केली नाही.

त्या दिवशी काका दुपारभर तिथेच बसून राहिले. ऊन कलायला लागलं तसं फूल मिटायला लागलं, आधी बाहेरच्या पाकळ्या, मग आतल्या, इतक्या सावकाश, की बघता बघता कळू नये. ते मिटताना काकांनी पहिल्यांदाच पाहिलं. पूर्ण मिटल्यावर ते उठले, आणि स्टूल आत न नेता तिथेच राहू दिलं.